तेरा फुटांचे घर

माणसाला राहावयास जागा किती लागते, हा प्रश्न फार जुना आहे. धर्माने त्याचे उत्तर थोडक्यात दिले आहे आणि कोर्टकचेऱ्यांनी ते पिढ्यान् पिढ्या लांबवले आहे. आम्ही उभयता वसईच्या एका धर्मग्रामात आयुष्य काढलेली, शाळेत शिकवून निवृत्त झालेली माणसे. पहिले उत्तर आम्ही मुलांना शिकवीत आलो, आणि व्यवहारात मात्र दुसऱ्याच वाटेने गेलो. आमचे घर आठ खोल्यांचे आहे. त्यात आम्ही दोघेच राहतो. शेजारी थोरल्या भावाचे घर. दोन्ही घरांच्या मधोमध चार फुटांचा एक बोळ आहे, आणि त्या बोळाच्या मालकीवरून आमच्या दोन घरांत सात वर्षे बोलणे नव्हते. थोरले बंधू २०१९ साली वारले, तेव्हाही तो बोळ मिटला नाही. आम्ही त्याला पत्र्याचे दार बसवले आणि कुलूप लावले. मागच्या विहिरीकडे जाण्याची थोरल्या वहिनींची ती वाट होती.

हे सारे आरंभीच सांगून टाकणे बरे. कारण पुढे आम्ही साध्या राहणीविषयी काही विचार मांडणार आहोत, आणि ते कोणाच्या तोंडून येत आहेत, हे वाचकांना ठाऊक असावे.

आमचा मुलगा कॅनडातील विनिपेग शहरात नोकरीस आहे. २०२३ च्या जुलैत आम्ही त्याच्याकडे गेलो. सूनबाईंना रजा नव्हती. मुलाने तीन आठवड्यांची रजा काढली आणि म्हणाला, “बाबा, आई, हॉटेलात राहून देश दिसत नाही. आपण घर बरोबर घेऊन जाऊ.” ते घर त्याच्या अंगणात उभे होते. मोटारीच्या मागे जोडावयाचा, दोन चाकांचा, अंड्यासारख्या गोलाकार अंगाचा एक छोटा ट्रेलर. त्याला ‘बोलर’ म्हणतात. बोलर नावाच्या गोल टोपीसारखा दिसतो म्हणून ते नाव पडले. रे ओलेको नावाच्या गृहस्थाने १९६८ साली विनिपेगमध्येच तो बनवावयास घेतला. त्यापूर्वी याच गृहस्थाने फायबरग्लासची हलकी सेप्टिक टाकी बनवली होती, आणि तेच तंत्र त्याने प्रवासाच्या घराला लावले. वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग साच्यातून काढावयाचा आणि कमरेशी दोन्ही जोडून टाकावयाचे. मोटारीला जोडावयाच्या दांड्यापासून मागच्या टोकापर्यंत लांबी तेरा फूट. आतली जागा जेमतेम दहा फूट. रिकाम्या ट्रेलरचे वजन सुमारे साडेचारशे किलो. मुलाने घेतलेला ट्रेलर १९७० च्या दशकातला, म्हणजे त्याच्याही वयापेक्षा मोठा होता.

आत दोन शेगड्या, बर्फाची एक पेटी, हातपंपाचे एक बेसिन, एक मेज आणि समोरासमोर बाके. रात्री मेज खाली उतरवून बाकांवर टेकवले की आमच्या दोघांचा बिछाना तयार होई. दुसऱ्या टोकाच्या फळीवर मुलगा झोपे. एकाने उभे राहावयाचे तर दोघांनी बसावयाचे, हा तेथला पहिला नियम. ताटे तीन, पेले तीन. चौथे ताट ठेवावयास जागाच नव्हती.

पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. वसईहून आणलेल्या मसाल्याच्या बाटल्या, पुस्तके आणि लोकरीचे कपडे यांनी भरलेल्या दोन जड बॅगा आम्ही मुलाला न विचारता ट्रेलरच्या अगदी मागच्या कोपऱ्यात कोंबल्या. महामार्गावर वेग घेताच ट्रेलर मागे डावीउजवीकडे हेलकावे खाऊ लागला आणि मोटारीलाही ओढू लागला. मुलाने हळूहळू वेग कमी करून गाडी कडेला घेतली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मग त्याने आम्हांला समजावून सांगितले. ट्रेलरच्या आखाच्या मागे भार जास्त झाला की तो असा झोकांड्या खातो. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढे, जोडाच्या दांड्यावर पडला पाहिजे. आम्ही रस्त्याच्या कडेला गवतात बसून दोन्ही बॅगा उघडल्या. ज्यांच्यावाचून चालणार नाही असे आम्हांला वाटले होते, त्यांतील बहुतेक वस्तू पुढल्या गावात मुलाच्या एका स्नेह्याकडे ठेवून दिल्या. तीन आठवड्यांत त्यांपैकी एकीचीही आठवण झाली नाही. घरी आमच्या आठ खोल्यांत अशा किती वस्तू आहेत, याचा हिशेब त्या दिवसापासून मनात सुरू झाला. घर जमिनीला खिळलेले असते, म्हणून अनाठायी भाराने ते हेलकावे खात नाही, आणि म्हणूनच तो भार आपल्याला कळत नाही.

मॅनिटोबातून पश्चिमेकडे जाणारा ट्रान्स-कॅनडा महामार्ग गवताळ मैदानांतून जातो. जुलैत कनोलाची शेते पिवळी होतात. आपल्या मोहरीच्या शेताची आठवण व्हावी, पण ते शेत क्षितिजापर्यंत पसरलेले. सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. संध्याकाळी एखाद्या तळावर मुक्काम करावयाचा, ट्रेलरचे दार उघडावयाचे आणि पायरीवर बसून चहा घ्यावयाचा. आत जागा नाही, म्हणून सारे जीवन बाहेर येते. ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करणारी आमच्या लहानपणची वसई आम्हांला तेथे पुन्हा भेटली. रात्री दिवा मालवल्यावर जपमाळ होई. ती संपल्यावर अंधारात फळीवरून मुलगा बोलू लागे. परदेशातील पहिल्या हिवाळ्यात आपण किती एकटे होतो, एकदा नोकरी गेली होती ते आपण आम्हांला का कळवले नाही, हे सारे त्याने आम्हांला त्या दहा फुटांत सांगितले. आठ खोल्यांच्या घरी सुटीवर आला की तो आपल्या खोलीत झोपे आणि आम्ही आमच्या. वीस वर्षांत जे कानांवर आले नव्हते, ते भिंत नव्हती म्हणून आले.

हा आनंद खरा होता. त्याबद्दल आम्ही संकोच बाळगणार नाही. आमच्या समाजात आनंदाला थोडे संशयाने पाहण्याची रीत आहे. निवृत्त माणसाने फिरावयाचे तर तीर्थयात्रेला, अशी समजूत आहे. परंतु परमेश्वराने निर्माण केलेल्या गवताकडे आणि आकाशाकडे तीन आठवडे स्वस्थपणे पाहणे, हीही कृतज्ञतेचीच एक रीत आहे असे आम्हांला वाटते. प्रश्न आनंदाचा नाही. या आनंदातून आपण कोणता निष्कर्ष काढतो, हा खरा प्रश्न आहे.

अशा प्रवासावरून परतलेले लोक बहुधा सांगतात की, थोडक्यात सुख आहे. वाक्य चांगले आहे, पण ते थोडे तपासून घेतले पाहिजे. केवळ हौसेखातर चाकांवरच्या घरात राहण्याची प्रथा आधुनिक काळात रूढ करणाऱ्यांत गॉर्डन स्टेबल्स या ब्रिटिश आरमारी डॉक्टरचे नाव अग्रभागी घेतले जाते. १८८५ साली त्याने ‘वाँडरर’ नावाची दोन घोड्यांची गाडी बांधवून घेतली आणि इंग्लंडच्या दक्षिणेतून स्कॉटलंडमधील इन्व्हरनेसपर्यंत सुमारे १३०० मैलांचा प्रवास केला. भटक्यांच्या मुक्त जीवनाची त्याला ओढ होती. पण बरोबर एक गाडीवान होता आणि एक नोकरही. हा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन, मोठी गाडी येत आहे अशी सूचना वाटेतल्या लोकांना देई. साधेपणा उपभोगावयालाही कधी कधी नोकर लागतो! आमच्या साधेपणालाही मुलाची नोकरी, पक्का महामार्ग, पेट्रोल आणि परतीची तिकिटे लागलीच होती. थोडक्यात सुख होते ते पुष्कळाच्या आधारावर.

ज्या वाटेने आम्ही जात होतो, तिच्यावरून आमच्या कितीतरी आधी चाकांवरचे संसार गेले होते. मेती लोकांच्या ‘रेड रिव्हर’ गाड्या विनिपेगच्या संग्रहालयात आम्ही पाहिल्या. एकोणिसाव्या शतकातील या गाड्या लाकूड आणि कच्चे चामडे यांच्याच. लोखंडाचा खिळाही नाही. आखाला वंगण देत नसत, कारण वंगणाला मैदानातील धूळ चिकटून आख झिजे. त्यामुळे त्यांचे करकरणे मैलभरावरून ऐकू जाई. त्यांच्याही पूर्वी क्री आणि इतर आदिवासी जमाती कुत्र्यांच्या व पुढे घोड्यांच्या मागे दोन दांड्यांची ओढणी बांधून, तिच्यावर तंबू आणि सामान लादून गव्यांच्या कळपांमागे जात. ते त्यांचे जगणेच होते. पुढे गवे नष्ट झाले, करार झाले, आणि त्या लोकांना राखीव जागांत बसवण्यात आले. १८८५ च्या उठावानंतर सरकारी अंमलदाराच्या परवान्यावाचून राखीव जागेच्या बाहेर पडू न देण्याची पद्धत सुरू झाली. ती कित्येक दशके चालली, आणि तिला कायद्याचा आधार कधीच नव्हता. ज्यांचे जीवनच वाटेवर होते, त्यांना वाट बंद झाली. आणि आम्ही दूरदेशीचे पाहुणे कोणालाही न विचारता त्याच वाटेने आनंदाने चाललो होतो. हे कळल्यावर त्या दिवशी ट्रेलरच्या पायरीवरचा चहा आम्हांला नेहमीसारखा गोड लागला नाही.

आपल्याकडेही दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीला निघालेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे जातात. बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चूल, भांडी, अंथरुणे आणि मुले. कारखान्याच्या परिसरात उसाच्या पाचटाची कोपी उभारून ते चार-सहा महिने राहतात. कोपीची जागा आमच्या बोलरहून फारशी मोठी नसते. तेथेही तिघे-चौघे एका जागेत झोपतात आणि तेथेही सारे जीवन दाराबाहेर येते. पण कोपीतून कोणी म्हणत नाही की, थोडक्यात सुख आहे. अमेरिकेतही २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर घर गमावलेली अनेक वृद्ध माणसे गाड्यांत आणि ट्रेलरांत राहून हंगामी कामे करीत फिरू लागली. त्यांच्यावर जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिले. तोच ट्रेलर, तोच रस्ता, तोच सूर्यास्त. फरक इतकाच की, आम्ही थोडक्यात राहणे निवडले होते आणि त्यांच्यावर ते लादले गेले होते.

मग निवडलेला साधेपणा हे केवळ नाटक ठरते काय? आम्हांला तसे वाटत नाही. उपवास करणारा माणूस उपाशी माणसासारखा नसतो, तरीही उपवासाला अर्थ आहे. आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ कमी लागते, हे उपवासाने अंगी उतरते. परंतु उपवासाने वाचलेले अन्न दुसऱ्याच्या ताटात गेले नाही, तर तो पोटाचा व्यायाम होतो. तसेच तेरा फुटांत सुखाने राहता येते हे कळल्यावर घरच्या आठ खोल्यांचे आणि चार फुटांच्या बोळाचे काय करावयाचे, याला उत्तर द्यावेच लागते. ते न देता प्रवासाची छायाचित्रे दाखवीत बसणे, हे नाटक.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही महामार्ग सोडून सस्कॅचवानच्या दक्षिण भागातील ग्रॅव्हलबर्ग या छोट्या गावी गेलो. गव्हाच्या शेतांच्या मधोमध, दोन मनोऱ्यांचे एक भव्य कॅथेड्रल तेथे उभे आहे. १९१८-१९ मध्ये बांधलेले. आत पाऊल ठेवताच माणूस थबकतो. भिंती आणि छत चित्रांनी भरलेले आहेत, आणि ती सारी चित्रे तेथल्याच धर्मगुरूंनी, फादर शार्ल मेयार यांनी काढलेली आहेत. १९२१ ते १९३१ अशी दहा वर्षे धर्मग्रामाचे काम सांभाळून ते चित्रे काढीत होते. आम्ही त्या दुपारी तेथे तासभर होतो. एका माणसाने दहा वर्षे एकाच छताखाली घालवली, म्हणून आमच्यासारख्या वाटसरूंना तासभराचा तो ठेवा मिळाला.

तेथे बाकावर बसलो असता आम्हांला संत बेनेडिक्टची आठवण झाली. सहाव्या शतकात लिहिलेल्या आपल्या नियमावलीच्या पहिल्याच प्रकरणात त्याने संन्याशांचे चार प्रकार सांगितले आहेत. चौथा प्रकार आयुष्यभर हिंडणाऱ्यांचा. ते आज या मठात, उद्या त्या मठात तीनचार दिवस पाहुणचार घेतात आणि पुढे जातात. बेनेडिक्टने त्यांच्याविषयी फार कडक शब्द वापरले आहेत आणि आपल्या अनुयायांकडून एके ठिकाणी स्थिर राहण्याची शपथ घेण्याची प्रथा घातली आहे. उलट त्याच शतकात आयर्लंडचे संन्यासी प्रभूसाठी मायभूमी सोडून, परत न येण्याच्या निश्चयाने निघत होते. त्यांच्यापैकी संत कोलंबानस इटलीतील बॉबियो येथे मठ स्थापून ६१५ साली तेथेच मरण पावला. ख्रिस्तसभेने दोघांनाही संत मानले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर १९६४ साली ख्रिस्तसभेलाच यात्रेकरू म्हटले आहे. तेव्हा हिंडणे वाईट आणि बसणे चांगले, अथवा याच्या उलट, असा सोपा निवाडा करता येत नाही. आम्हांला असे वाटते की, बेनेडिक्टचा राग पायांवर नव्हता. ज्याला कोणाशीच बांधून घ्यावयाचे नाही, ज्याला जेथे अडचण येईल तेथून उठून जावयाचे आहे, त्या मनावर तो राग होता. कोलंबानसने घर सोडले, पण माणसे टाळण्यासाठी नव्हे.

आणि येथे आमच्या प्रवासाच्या आनंदातील एक लबाडी आमच्या लक्षात आली. तळावर भेटलेली माणसे किती चांगली होती! बॅन्फच्या तळावर शेजारच्या ट्रेलरमधील वृद्ध जोडप्याने आम्हांला जळाऊ लाकडे दिली, आम्ही त्यांना भजी दिली. त्यांनी नातवंडांची छायाचित्रे दाखवली. कोणाची जागा कोठे संपते, असा प्रश्न कोणाला पडला नाही. सकाळी उठून पाहतो तो ते निघून गेले होते. मन भरून आले. आम्ही आपसांत म्हणालो, “असे शेजारी आपल्याकडे असते तर!” आणि बोलता बोलता दोघेही गप्प झालो. एका रात्रीच्या शेजाऱ्यावर प्रेम करणे सोपे असते. त्याचे झाड आपल्या कौलांवर वाढत नाही. त्याच्या बापाने आपल्या बापाला काय म्हटले होते, हे आपल्याला आठवत नाही. शेजारधर्माची परीक्षा जो उद्या सकाळीही तेथेच असणार आहे, त्याच्याशी असते.

त्याच संध्याकाळी घरून फोन आला. आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाचा. वसईत दोन दिवस मुसळधार पाऊस होता. वाऱ्याने आमच्या परसातील आंब्याची फांदी मोडून आमच्या घराच्या मागच्या कौलांवर पडली होती आणि खोलीत पाणी येत होते. थोरल्या वहिनींनी रात्री आवाज ऐकला. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या. भर पावसात, बोळाला कुलूप असल्याने रस्त्याने वळसा घालून त्या आमच्या मागच्या अंगणात आल्या, फांदी पाहिली, आणि पहाटे चार मुलांना गोळा करून कौलांवर ताडपत्री टाकून घेतली. “तुम्हांला कळवायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं,” तो तरुण म्हणाला, “पण मला राहवलं नाही.”

आमच्या स्वातंत्र्याचे तीन आठवडे कोणाच्या जिवावर उभे होते, ते त्या रात्री आम्हांला उमगले. वाटेवरच्या माणसाला वाटते की आपण मोकळे झालो. पण मागे कोणीतरी थांबलेले असते, म्हणूनच कोणाला तरी निघता येते. जो थांबतो तो बांधलेला आणि जो निघतो तो मुक्त, ही गणना चुकीची आहे. थांबणाऱ्याचे ऋण ओळखून जो निघतो तो यात्रेकरू, आणि ते न ओळखता निघतो तो केवळ हिंडणारा. ट्रेलरने आम्हांला वस्तूंपासून सुटावयास शिकवले, हे त्याचे उपकार आहेत. माणसांशी कसे बांधून घ्यावे हे मात्र तो शिकवू शकत नाही. तो धडा जमिनीवरच्या घरातच गिरवावा लागतो.

वस्तूंचा मोह सुटला की माणसांतील भांडणे आपोआप सुटतात, असेही आम्ही म्हणणार नाही. चार फुटांचे भांडण मुळात चार फुटांचे नसतेच. त्यात वडिलांनी कोणाला जवळचे मानले, लग्नात कोणाचा मान राहिला नाही, असे बरेच काही पुरलेले असते. परंतु जागा लागते म्हणून आम्ही भांडत होतो, ही सबब आता आमच्यापाशी उरली नव्हती. तेरा फुटांत आम्ही तिघे सुखाने राहिलो होतो. सबब गेली की अहंकार उघडा पडतो, आणि उघड्या पडलेल्या अहंकाराची कबुली तरी देता येते.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे थोरल्या वहिनींकडे गेलो. काय बोलावयाचे ते विमानात ठरवले होते, पण त्यांच्या ओटीवर ते आठवले नाही. आम्ही क्षमा मागितली. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग “फांदी तोडून घ्या, दुसरीही पडेल,” एवढेच म्हणाल्या आणि चहा टाकावयास आत गेल्या. मोजणीसाठी केलेला अर्ज आम्ही मागे घेतला. बोळाचे कुलूप गंजले होते. किल्ली चालेना, म्हणून ते तोडावे लागले. पत्र्याचे दारही काढून टाकले.

थोरल्या वहिनी अजून विहिरीवर जाताना रस्त्यानेच वळसा घेतात. सात वर्षांची सवय आहे, आणि ती आम्हीच लावली आहे. त्यांनी बोळातून यावे, असे म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. आम्ही तो रोज सकाळी झाडून ठेवतो.